कॉन्व्हॉय एस२+ : एका बॅटरीने का भागत नाही

आमच्या घरात ‘बॅटरी’ म्हणजे विजेरी, आणि तिच्या पोटात जातात ते ‘सेल’. दुकानदार आणि पुस्तके काहीही म्हणोत, या परीक्षणातही मी हेच शब्द वापरणार आहे. परीक्षण आहे कॉन्व्हॉय या चिनी कंपनीच्या एस२+ या बॅटरीचे, जी मी गेली चार वर्षे वापरतो आहे आणि जिच्यामुळे माझ्या टेबलाच्या खणात आज सात बॅटऱ्या आहेत. पाहुणे हा खण पाहून हसतात आणि एका माणसाला सात बॅटऱ्या कशाला लागतात, असे विचारतात. एस२+ विषयी नीट सांगायचे तर या प्रश्नाचे उत्तर आपोआप द्यावे लागते, कारण बॅटऱ्या जमवणाऱ्यांच्या जगात अनेकांची सुरुवात याच नळीपासून झालेली असते.

नळी हाच शब्द तिला शोभतो. सुमारे १२ सेंटिमीटर लांब, २४ मिलिमीटर जाड, ॲल्युमिनियमची, शेपटीला एक बटण आणि तोंडाला काच, एवढाच तिचा थाट आहे. आत १८६५० जातीचा एक लिथियम-आयन सेल बसतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, यावरून त्याचे हे नाव पडले आहे. बॅटरीची किंमत साधारण पंधरा ते वीस डॉलर पडते, सेल आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. घेताना अंगाचा रंग निवडता येतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतला एलईडीही निवडता येतो. बाजारातल्या बहुतेक बॅटऱ्यांच्या खोक्यावर एलईडीचे नावसुद्धा नसते. इथे मात्र तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या जातीचा आणि किती केल्व्हिनचा, हे गिऱ्हाइकालाच ठरवावे लागते. पहिल्यांदा घेणारा माणूस इथेच गोंधळतो, आणि गोंधळ दूर करायला वाचू लागला की पुढचे सगळे ओघाने घडते.

मी निचिया या जपानी कंपनीचा ५१९ए हा एलईडी, ४५०० केल्व्हिनचा, निवडला. हा आकडा प्रकाशाची छटा सांगतो: घरातल्या जुन्या पिवळ्या दिव्याची छटा २७०० च्या आसपास असते, तर स्वस्त बॅटऱ्यांचा निळसर पांढरा उजेड ६५०० किंवा त्याच्याही पुढे जातो. पण खरा फरक छटेत नाही, रंग दाखवण्याच्या कुवतीत आहे. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावर पिवळसर उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा भासवलेला असतो. स्वस्त मालात या मिश्रणात गडद तांबडा भाग जवळजवळ नसतोच, आणि जो रंग प्रकाशातच नाही तो वस्तूवर दिसणार कसा? रंग किती खरे दिसतात याचे एक माप आहे, त्याला सीआरआय म्हणतात. सूर्यप्रकाशाला त्यात १०० गुण, आणि ५१९ए ला ९० च्या वर.

हे आकडे मला वाचून कळले नव्हते, कोकणातल्या घरी गेल्यावर कळले. रात्री अंगणाच्या गडग्यावर आधी जुनी निळसर बॅटरी मारली आणि लगेच त्याच जागी एस२+ मारली. जुन्या उजेडात जांभा दगड राखेसारखा निर्जीव दिसत होता. नव्या उजेडात तो तांबडा झाला, त्याच्यावरचे शेवाळ हिरवे झाले आणि खाली पडलेली फणसाची पाने एकमेकांपासून वेगळी दिसू लागली. पावसाळ्यात पाचोळ्यात बसलेले फुरसे पाचोळ्याच्याच रंगाचे असते, त्यामुळे तपकिरीतल्या तपकिरीचा हा भेद तिथे केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

आता या प्रसंगात दोन बॅटऱ्या होत्या, हे लक्षात घ्यावे. एकच बॅटरी असती तर मला काहीच दिसले नसते, कारण डोळा कोणत्याही उजेडाला दोन मिनिटांत सरावतो आणि त्यालाच पांढरा म्हणू लागतो. संग्रहाचे मूळ मला इथे सापडते. टपाल तिकिटे जमवणाऱ्याला संच पुरा करायचा असतो. बॅटऱ्या जमवणाऱ्याला शेजारी शेजारी धरून पाहायचे असते. रात्री दिवे मालवून पांढऱ्या भिंतीवर दोन झोत टाकणारा माणूस बाहेरून खुळा दिसतो, हे मला मान्य आहे, परंतु एका झोताच्या कडेला असलेली हिरवट झाक त्याला त्याच क्षणी दिसते आणि ती पुन्हा कधीही दिसेनाशी होत नाही.

झोताच्या बाबतीत एस२+ मध्यममार्गी आहे. तिचा परावर्तक लहान असल्यामुळे उजेड मध्यभागी दाट आणि भोवती पसरट पडतो. पायवाट, अंगण, बंद पडलेल्या गाडीचे इंजिन यांना हे उत्तम, समोरच्या डोंगरावरचे झाड पाहायला कुचकामी. खोक्यावरचे ल्युमेन हे एकूण उजेडाचे माप असते आणि झोताची तीव्रता कँडेलात मोजतात, हे न कळल्यामुळे अनेकांची फसगत होते. मापनाच्या अमेरिकी मानकाप्रमाणे जिथे ०.२५ लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड पोचतो तिथपर्यंतचे अंतर ‘पल्ला’ म्हणून लिहितात. १०,००० कँडेलाच्या झोताचा पल्ला यानुसार २०० मीटर होतो. मात्र ०.२५ लक्स म्हणजे फार तर पौर्णिमेचे चांदणे. तेव्हा छापील पल्ल्याचा अर्धा धरावा, तिथे चौपट उजेड असतो. शिवाय चौपट उजेड डोळ्याला जेमतेम दुप्पट वाटतो, म्हणून हजार ल्युमेनवरून बाराशेवर उडी मारण्यासाठी पैसे घालवणे मला व्यर्थ वाटते. इमालेंट कंपनीची एमएस१८ तर १,००,००० ल्युमेनची आहे. तिच्यात अठरा एलईडी आहेत आणि ती थंड ठेवायला पंखे बसवावे लागले आहेत. मला ती कोणी फुकट दिली तरी ठेवायची कुठे हा प्रश्न पडेल.

मला मोहवते ते याच्या अगदी उलट टोक. माझ्या एस२+ मध्ये उजेडाच्या पाच पायऱ्या आहेत आणि सर्वांत खालची पूर्ण उजेडाच्या ०.१ टक्का एवढीच आहे. गडावरच्या गुहेत दहाजण झोपलेले असताना पाण्याची बाटली शोधायला तेवढा उजेड पुरतो आणि कोणाची झोप मोडत नाही. बटण अर्धे दाबले की पायरी बदलते. भराभर पंधरा-वीस वेळा अर्धे दाबले की पायऱ्यांचे वेगवेगळे बारा गट निवडण्याची सोय उघडते. आतला हा छोटा प्रोग्रॅम बिस्कॉटी या नावाने ओळखला जातो आणि तो कंपनीने नव्हे, तर या छंदातल्याच एका व्यक्तीने लिहिला आहे. आवडीचे लोक आपल्या वापरातली वस्तू सुधारतात आणि कारखाना ती सुधारणा घेतो, असे फार थोड्या वस्तूंच्या नशिबी येते.

ही बॅटरी उघडताही येते. तोंडाची कडी हाताने फिरवली की काच, परावर्तक आणि पितळी बूच क्रमाने बाहेर येतात. बुचाच्या एका अंगाला एलईडी, दुसऱ्या अंगाला वीजप्रवाह सांभाळणारी चकती. चकतीवर ३५० मिलिअँपिअरच्या आठ चिप्स मोजता येतात, म्हणजे एकूण २.८ अँपिअर. कथिलाचा डाग देता येणारा, म्हणजे सोल्डरिंग जमणारा माणूस एलईडी बदलून अर्ध्या तासात नवी बॅटरी तयार करतो, आणि नुसती रिकामी नळीही त्यासाठी विकत मिळते. मी दोनदा केले. पहिल्यांदा एलईडी जाळला. आपल्या हातातले कोणते यंत्र आज आपल्याला शेवटच्या तुकड्यापर्यंत समजते, असा विचार केला तर या छंदातली निम्मी ओढ उलगडते.

आजोबांची तीन सेलची पितळी बॅटरीही अशीच पूर्ण समजणारी होती. शेपटीच्या झाकणात स्प्रिंगच्या आत जादा बल्ब ठेवलेला, सेल मंद झाले की ते उन्हात वाळत घालायचे, आणि पावसाळ्यात आत विसरले तर पांढरी बुरशी आल्यासारखा क्षार जमायचा. १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना नळीच्या आकाराच्या बॅटरीचे पेटंट मिळाले, तेव्हा सेल इतके दुबळे होते की उजेड क्षणभर पाडून बटण सोडावे लागे. इंग्रजीतले ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्या क्षणिक चमकीवरून आले. पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी बॅटऱ्या शोधत हिंडणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे आणि तिच्यात माझी गणना होऊ नये, एवढी काळजी मी अजून घेतो आहे.

एस२+ चे दोषही स्पष्ट लिहिले पाहिजेत. ती गोल असल्याने टेबलावरून गडगडते. पूर्ण उजेडावर काही मिनिटांतच हातात धरवणार नाही इतकी तापते, म्हणून मी ती बहुतेक वेळा ३५ टक्क्यांवर चालवतो. प्रवाह सांभाळणारी चकती साध्या जातीची असल्यामुळे सेलचा दाब ४.२ व्होल्टवरून उतरू लागला की सर्वांत वरच्या पायरीचा उजेडही उतरतो. माझ्याकडच्या बॅटरीला चार्जिंगची खाच नाही, सेल काढूनच भरावा लागतो. सेल घेताना तर डोळ्यांत तेल घालावे: एका दुकानातून मी ‘९९०० एमएएच’ (सेलमध्ये किती वीज मावते त्याचे माप) छापलेले दोन सेल मोठ्या आनंदाने आणले होते, पण या आकाराचा उत्तम सेलसुद्धा साधारण ३५०० च्या घरातच असतो, आणि माझे सेल मोजल्यावर हजारही भरले नाहीत. लिथियम सेल सुटा खिशात किल्ल्यांबरोबर ठेवणे धोक्याचे आहे. प्लास्टिकची डबी दहा-वीस रुपयांत मिळते. बॅगेत बॅटरी टाकताना शेपटीचे झाकण पाव फेरा सैल करावे, म्हणजे जोड तुटतो आणि ती आतल्या आत पेटून बॅग भाजत नाही.

या सगळ्या उठाठेवीची हौस नसेल त्याने ही बॅटरी घेऊ नये, एवढे मी स्पष्ट सांगेन. गावी आत्याला मी एक दिली होती, तीन पायऱ्यांचा सोपा गट लावून. उजेड तिला पसंत पडला. सेल काढून चार्जरमध्ये घालण्याचा प्रकार मुळीच पडला नाही. आता शेजारचा मुलगा दर रविवारी येऊन तिचे सेल भरून देतो, आणि परवा त्याने मला फोन करून विचारले की काका, आत्याच्या बॅटरीत पिवळसर छटेचा एलईडी बसवता येईल का.