मिनी पेडल एक्सरसायझर: नैराश्यातल्या ज्येष्ठांना कितपत उपयोगी?

मिनी पेडल एक्सरसायझर म्हणजे खुर्चीत बसून सायकलसारखे पेडल मारायचं छोटं यंत्र. खुर्चीसमोर पडून असतं, हीच या यंत्राची मोठी जमेची बाजू. नैराश्यात कपडे बदलून बाहेर पडणंही डोंगराएवढं वाटतं. इथे बसल्या जागी पाय ठेवले की झाली सुरुवात.

भार कमी-जास्त करायला मधोमध नॉब असतो. तो आवळला की आतला पट्टा घट्ट बसतो. सगळं काम घर्षणावर, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत पेडलांचा मधला दांडा चांगलाच तापतो. लगेच उचलू नये. पट्टा झिजला की नॉब कितीही आवळा, पाय रिकामेच फिरतात. नॉबवर बहुधा आकडेही नसतात, तेव्हा मार्करने खूण करून ठेवा, नाहीतर काल भार किती होता ते कळणार नाही. गुळगुळीत फरशीवर यंत्र पुढे पळतं: खाली रबरी मॅट हवी आणि खुर्ची बिनचाकांची. पेडल सर्वांत लांब गेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. खोल सोफ्यावर बसून मारलं तर गुडघे हमखास कुरकुरतात.

मीटरवरच्या कॅलरींकडे बघूच नका. तो फक्त फेऱ्या मोजतो, भार त्याला कळत नाही.

सुरुवातीला दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पुरे. मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतपत दम लागला पाहिजे. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयासाठीची, नाडी मंद ठेवणारी गोळी) चालू असेल तर नाडीवर विसंबू नका.

आता खरी अडचण. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या १९९९ च्या अभ्यासात ५० वर्षांवरच्या १५६ रुग्णांमध्ये १६ आठवड्यांचा एरोबिक व्यायाम सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या गोळीच्या तोडीचा ठरला, गोळीचा गुण मात्र लवकर दिसला. पण तो व्यायाम आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली, चांगला दम लागेल असा होता. टीव्हीसमोर पाय हलवत बसणं त्यात मोडत नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात ६० वर्षांवरच्या रुग्णांवर वजनांचा प्रयोग झाला. आठ आठवड्यांनी जड वजनांच्या गटात ६१ टक्के लोकांची लक्षणं निम्म्यावर आली, हलक्या वजनांच्या गटात २९ टक्के. म्हणजे भार वाढवत नेणं महत्त्वाचं, आणि तिथेच हे यंत्र तोकडं पडतं. तोलासाठी तर त्याचा काहीच उपयोग नाही.

म्हणून घ्यायचं तर पहिल्या महिना-दीड महिन्यापुरतं. पुढे हात न टेकता खुर्चीतून उठबस, रबरी पट्ट्यांचा व्यायाम आणि कुणाच्या तरी सोबतीनं चालणं जोडा. नैराश्याच्या काही गोळ्यांनी उभं राहताना चक्कर येते, तेव्हा पेडल थांबवल्यावर मिनिटभर बसून मगच उठावं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि जगणं नकोसं झाल्याचं बोलणं कानावर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.