आधारनिवासातील अठरा महिने : एका आईचा अभिप्राय

माझी मुलगी पाच आठवड्यांची असताना मी तरुण बेघर मातांसाठीच्या या निवासात आले. पहिल्या संध्याकाळी कार्यकर्तीने अर्ज पुढे करण्याआधी खोलीची किल्ली हातात दिली आणि दार आतून बंद होते, हे स्वतः कडी लावून दाखवले. गरोदरपणाचे शेवटचे दिवस आणि बाळंतपणानंतरचा महिना मी ओळखीच्यांच्या बैठकीच्या खोल्यांत, बाळ रडले की घर जागे होईल या धास्तीत काढला होता. त्यामुळे त्या कडीचे मोल मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पाळण्यात उशी किंवा रजई काहीच नव्हते. द्यायचे राहून गेले असेल, असे मला वाटले. पण तान्ह्या बाळाला मोकळ्या पाळण्यात, सपाट व घट्ट गादीवर उताणे निजवल्यास झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होतो, हे परिचारिकेने मला न रागावता सांगितले. नोकरी मिळवा, मग खोली देऊ, अशी अट इथे नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये मानसिक आजार असलेल्या बेघर व्यक्तींसाठी सुरू झालेल्या ‘घर आधी’ या पद्धतीमागचा विचार हाच होता. कायमचा पत्ता मिळताच माझे बँकखाते उघडले आणि मुलीची लस चुकेनाशी झाली.

पाहुण्यांवरचे निर्बंध जाचक वाटले, पण त्यांचे कारण पटत होते. पाळणाघराच्या वेळेचे मात्र पटले नाही : ते सहाला बंद होते आणि माझी कामाची पाळी सातला संपत असे. तो एक तास मी शेजारच्या खोलीतील मुलीच्या भरवशावर काढला, आणि तिचे बाळ त्या बदल्यात सकाळी मी सांभाळले.

खरी तक्रार मुदतीची आहे. अमेरिकेतील मातृगृहांच्या केंद्रीय योजनेतही मुक्काम सर्वसाधारणपणे ५४० दिवसांपर्यंतच असतो. इथेही अठरा महिने होते. निघण्याची तारीख पहिल्या दिवसापासून ठरलेली होती, पुढचे घर मात्र शेवटच्या पंधरवड्यापर्यंत ठरले नव्हते, आणि भाड्याला मदत मिळवण्याचा अर्ज मला चौदाव्या महिन्यात भरायला सांगण्यात आला. प्रवेश घेणाऱ्या आईने हा अर्ज पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा, आणि घर सोडल्यावर कार्यकर्ती किती महिने भेटायला येईल, हे लेखी विचारावे. मला ती दोनदाच भेटली.