कुंपणावरची हायड्रोपोनिक बाग: तिन्ही ऋतू काढल्यावर

पुण्यात धायरीतल्या आमच्या रो-हाऊसच्या मागे जागा म्हणाल तर ३ फुटांची पट्टी आणि पश्चिमेला तारेचं कुंपण. कुंड्या मांडल्या तर चालायला वाट उरत नाही. म्हणून हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यावर भाजी. गेल्या जूनमध्ये कुंपणाच्या अँगलना ४ इंची पीव्हीसी पाईपच्या चार ओळी आडव्या बसवून घेतल्या. ८-८ इंचांवर भोकं, त्यात नेट पॉट (रोपाच्या जाळीदार कुंड्या), खाली झाकणाचा ड्रम, त्यातलं पाणी पाईपांतून फिरवायला कूलरचा पंप, टायमर. खर्च १४ हजारांच्या आत बसला. प्लंबरला पाईप अगदी लेव्हलमध्ये हवा होता. पण १० फुटांना ३ इंच उतार घ्याच, नाहीतर पाणी तुंबतं आणि डासांची चंगळ होते.

भाजीच्या पैशात खर्च वसूल होईल, ही आशा सोडा. मेथी एकदा उपटली की संपली, आणि थंडीत ती मंडईत स्वस्तच असते. पालकाची मात्र बाहेरची पानं खुडत राहायची, तो आठवडेच्या आठवडे देतो. लेट्यूस आणि बेसिल नोव्हेंबर ते फेब्रुवारी झकास. कोथिंबीर यथातथाच. पुदिना इतका माजतो की जानेवारीत वरच्या ओळीतलं पाणी भोकांतून बाहेर यायला लागलं. टोकाचं झाकण काढलं तर आत हातभर लांब, मळकट पांढरा मुळांचा शेपटा! ओढून काढला तेव्हा सगळ्या अंगणात पुदिन्याचा वास. आता पुदिना पाईपच्या शेवटच्या भोकात, म्हणजे तुंबलं तरी साफ करायला सोपं.

खताचे ए आणि बी हे दोन द्राव वेगवेगळे पाण्यात घालायचे. घट्ट असतानाच एकत्र केले तर एकातलं कॅल्शियम दुसऱ्यातल्या सल्फेट-फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ होऊन तळाशी बसतो. पालेभाजीला ईसी (पाण्यात किती खत विरघळलंय त्याचं माप, mS/cm मध्ये) १.२ ते १.८ आणि पीएच (पाण्याच्या आंबटपणाचं माप) ५.५ ते ६.५ पुरतो. आमचं बोअरचं पाणी जड, पीएच सारखा चढतो, म्हणून नळाचंच वापरते. गुरुवारी पाणी बंद असेल तर ड्रम बुधवारीच भरायचा.

एवढं सगळं जमलं तरी गाडी अडते ती उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये दुपारी ४ वाजता ड्रममधल्या पाण्याचं तापमान ३४ अंश! गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात. लेट्यूसला तुरा येऊन पानं कडू. बर्फाच्या बाटल्या टाकून पाहिल्या, तासाभरात पाणी पुन्हा होतं तसं. ड्रम उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत हलवून ओलं गोणपाट गुंडाळलं आणि कुंपणावर ५० टक्के ऊन अडवणारं शेडनेट टाकलं, तेव्हा पालक तरी तगला. पंप इन्व्हर्टरवर घ्याच. मातीच नाही, मग दुपारी वीज गेली की रोपं लगेच माना टाकतात.

कुंपण पूर्वेचं असेल तर निम्मा त्रास वाचेल. पश्चिमेचं असेल तर माझ्यासारखं करा: मार्चअखेर लेट्यूसची भोकं झाकणं लावून बंद, बी पुन्हा सप्टेंबरअखेर पेरायचं.