फॉरवर्ड खरा का खोटा: लेन्सनं बघायचं की फोन लावायचा?

खानापूरचा मित्र विचारतोय, निपाणीत बस फोडल्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला की गुगल लेन्स (फोटोवरून शोधायचं साधन) वापरू की तिथं कुणाला फोन करू. खर्च दोन्हीला नाहीच म्हणा. वेळ बघितला तर लेन्स पुढं, स्क्रीनशॉट टाकला की बऱ्याचदा मिनिटात कळतं हेच दृश्य आधी कुठं आलंय, पण आजचंच असलं तर हाताला काय लागत नाही, आणि जुनं सापडलं नाही म्हणजे खरं असं नव्हे ओ. फोनचं उलटं. स्टँडजवळचा दुकानदार सांगेल गाड्या चालू हायत का बंद, फक्त डोळ्यानं बघितलं का तोच व्हिडिओ बघून बोलतोय एवढं विचारा. कारण तेच तेच कानावर पडलं की जास्त खरं वाटतं, अमेरिकेत १९७७ च्या प्रयोगात दिसलंय हे, त्यात सीमाप्रश्न म्हटलं की आपलं डोकं आधीच तापलेलं (मी पण फसलोय). व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्डला डबल बाणाचा शिक्का असतो, तो म्हणजे फक्त लय फिरलाय, बाकी काय नाही.

जुन्या किंवा दुसऱ्या गावच्या फोटोचा संशय असला तर लेन्स. उद्या पोरांना बसनं कोल्हापूरला पाठवायचं का ठरवायचं असेल तर सरळ फोन लाव.