कानाला खडा

गेल्या आठवड्यात सांगलीहून एका मुलाचा फोन आला. "दादा, तुमचा लघुपट फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवाला गेला होता ना? त्या महोत्सव सल्लागारांच्या जाहिरातीत तुमचा फोटो बघितला. अनुभव कसा होता, एवढंच विचारायचं होतं."

कुठला फोटो ते विचारावं लागलं नाही. भाड्याचा काळा कोट, मागे निळा समुद्र, ताडाची झाडं, गळ्यात कार्डाचा पट्टा आणि तोंडावर नवरदेवाचं हसू. तो काढल्यावर तासाभरात ते हसू गेलं होतं. हे सगळं मी इतके दिवस लाजेखातर गिळून बसलो होतो. पण आता माझंच थोबाड दुसऱ्याला फसवायला वापरतायत म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

मी कऱ्हाडचा. २०२३च्या दिवाळीत मित्रांना गोळा करून कृष्णाकाठी एक २२ मिनिटांचा लघुपट केला. डिसेंबरात एका 'महोत्सव सल्लागारां'ची जाहिरात दिसली. लघुपट पाठवला आणि पाचव्या दिवशी निवड! पोस्टरवर लावायला, महोत्सवात निवडलेल्या चित्रपटांवर असते ती डहाळ्यांची सोनेरी कमान आली, खाली 'कान २०२४'. नोंदणीचे २५ हजार भरले. मग 'प्रीमियर पॅकेज' आलं, १ लाख ४० हजारांचं. विमान आणि व्हिसा आपला आपण. वडिलांनी पतसंस्थेतली ठेव मोडली. पैसे गेले ते कंपनीच्या नव्हे, कुणा तिसऱ्याच माणसाच्या बचत खात्यात. "कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे" म्हणाले, ते मला पटलं. खरं म्हणजे तेव्हा मला काहीही पटलं असतं. स्थानिक पेपरात बातमी आली होती, ग्रामपंचायतीत शाल-नारळ झाला होता, शाळेबाहेर माझा फ्लेक्स लागला होता. एवढं झाल्यावर शंका काढायची म्हणजे स्वतःच्याच सत्कारात खोडा घालण्यासारखं.

मे महिन्यात फ्रान्समधल्या निस विमानतळावर उतरलो. तिथून आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासात कान. गाडी समुद्राला चिकटून जाते. त्या अर्ध्या तासात मी जितका खूश होतो तितका पुन्हा झालो नाही. राहायची सोय गावाच्या पश्चिमेला ला बोक्का भागात होती, एका खोलीत चौघं. बाकीचे तिघं माझ्यासारखेच, एक इंदूरचा आणि दोघं कोइमतूरचे. तिघांच्याही पोस्टरवर तीच सोनेरी कमान. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी कोट चढवून क्रुआझेतवर गेलो. समुद्राकाठचा तो लांबलचक रस्ता, एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला आलिशान हॉटेलं, आणि टोकाला पॅले, म्हणजे महोत्सवाची मुख्य इमारत. लाल गालिचा आणि २४ पायऱ्या तिथल्याच. फोटो काढून घेतला (तोच तो) आणि दारावरच्या माणसाला गळ्यातलं कार्ड दाखवलं. त्याने यंत्र लावलं, लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. मग त्याने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि अगदी सौजन्याने मला बाजूला व्हायला सांगितलं. आमचं कार्ड म्हणजे प्लास्टिकचा छापील तुकडा होता. लग्नात वरपक्षाला बिल्ले लावतात ना, तेवढीच त्याची किंमत.

आमचा 'प्रीमियर' झाला एका छोट्या हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत. भिंतीवर टीव्ही, त्याला पेन ड्राइव्ह, समोर खुर्च्या अकरा. प्रेक्षक कोण, तर आम्हीच. मी त्यांचे लघुपट पाहिले, त्यांनी माझा. कोइमतूरच्या एकाचा खरोखर चांगला होता. शेवटी चौकटीतलं प्रमाणपत्र, टाळ्या, सामुदायिक फोटो.

खरा उलगडा झाला तो एका मराठी निर्मात्या ताईंमुळे. मी पॅलेबाहेर कठड्यावर बसून घरी फोनवर "हो, मस्त झालं" असं सांगत होतो, ते त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी कॉफी पाजली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लघुपट किती मिनिटांचा?"

"बावीस."

"मग अधिकृत स्पर्धेत तो जाऊच शकत नाही. श्रेयनामावली धरून १५ मिनिटांची मर्यादा आहे. नियमात पहिल्याच पानांवर असतं."

मी नियम उघडलेच नव्हते. सल्लागार कशासाठी नेमला होता मग!

त्यांनी जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर ठेव वाचली असती. 'कान' या एका शब्दात चार-पाच वेगवेगळी दुकानं आहेत. एक अधिकृत निवड. तिची यादी एप्रिलमध्ये पॅरिसला पत्रकार परिषद घेऊन जाहीर होते आणि महोत्सवाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. माझी 'निवड' डिसेंबरात झाली होती, यावरूनच काय ते समजा. त्यातच चित्रपटशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी 'ला सिनेफ' हा विभाग. त्याशेजारी स्वतंत्र संस्थांचे विभाग, १९६२ पासूनचा समीक्षक सप्ताह आणि १९६९ पासूनचा दिग्दर्शकांचा पंधरवडा. त्यांच्याही याद्या उघड असतात. मग १९५९ पासूनचा फिल्म बाजार, म्हणजे चित्रपटांच्या खरेदी-विक्रीचा. तिथे पैसे भरून पडदा भाड्याने घेता येतो. हा सरळ धंदा आहे, त्यात लपवाछपवी नाही, फक्त त्याला निवड म्हणत नाहीत. आपल्या राज्याचं चित्रपट महामंडळही मराठी चित्रपट घेऊन या बाजारात जात आलंय. आणि शेवटचं म्हणजे कान नावाचं गाव, जिथे खोली भाड्याने घेऊन कुणीही टीव्ही लावू शकतो.

पंढरपुरात लॉजवर उतरवायचं आणि दर्शनाचे पैसे लावायचे, तसला प्रकार.

त्याच आठवड्यात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या चिदानंद नाईकला 'ला सिनेफ'चं पहिलं पारितोषिक मिळालं. तीस वर्षांनी एक भारतीय चित्रपट मुख्य स्पर्धेत होता आणि मी घरी पोचलो तोवर त्याच्या दिग्दर्शिका पायल कपाडियांना ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाल्याची बातमी आली होती. म्हणजे दार बंद नव्हतं. मी चुकीच्या दारात पैसे भरून उभा होतो. शेवटच्या रात्री पॅलेशेजारच्या किनाऱ्यावर, वाळूत मांडलेल्या खुर्चीवर बसून मी एक चित्रपट पाहिला. महोत्सवच तो दाखवतो, सगळ्या गावासाठी, फुकट. तीन लाखांच्या वर खर्च करून कानमध्ये मी पाहिलेला हा एकमेव खरा खेळ.

परतल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली. पण पैसे जाऊन पाच महिने झाले होते. खात्यात काही उरलं नव्हतं. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी करार वाचला आणि विचारलं, "तुमचा सिनेमा कानमध्ये दाखवला का नाही?" दाखवला होता. करारात 'कान येथे प्रदर्शन' एवढंच होतं, 'महोत्सव' हा शब्द कुठेच नव्हता. तो फक्त फोनवरच्या गप्पांत होता, आणि त्या मी रेकॉर्ड केल्या नव्हत्या. वकिलाच्या नोटिशीनंतर २५ हजार परत आले, 'सदिच्छा म्हणून'. गावात मी काहीच बोललो नाही. फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत तसाच होता.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "पण दादा, पहिला हप्ता भरलाय मी. आणि आईने सगळ्यांना पेढे वाटलेत." पुढचं काय ते माझ्या जिभेवर येईना. शेवटी मी पण तेच विचारलं, किती मिनिटांचा केलायस?

अठरा, म्हणाला.