नवे ब्रेक पॅड 'सेट' करून घेतले, त्याला आता आठ महिने झाले

माझी गाडी स्विफ्ट, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. पुढचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे, आजवर दोनदा बदलले, दोन्ही वेळा कंपनीचे ओरिजिनल. तरी दोन्ही अनुभवांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो पहिल्या तीनशे किलोमीटरमध्येच ठरला असं माझं ठाम मत झालंय.

पहिल्यांदा शनिवारी संध्याकाळी पॅड टाकून घेतले आणि रविवारी पुण्याहून सासवडला सासरी गेलो. परतताना गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, आणि दिवे घाट मी सगळा ब्रेकवर उतरवला. खाली वडकीला ट्रॅफिक तुंबलेलं. करपट वास येत असताना तिथे पाच-सात मिनिटं पेडल दाबूनच उभा राहिलो. पंधरा दिवसांत सत्तर-ऐंशीच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, डिस्क वाकली. लेथवर फेस मारून, म्हणजे तिचा पृष्ठभाग तासून सपाट करून घेतली, पण पॅड बदलताना त्याने एका शब्दानं सावध केलं नव्हतं, याचा राग अजून जात नाही. बायको-मुलं गाडीत असतात हो.

गेल्या नोव्हेंबरात नाना पेठेतून पॅड घेतले आणि तिथल्याच एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी डिस्कची जाडी मोजली, तिच्यावर कोरलेल्या किमान मापाशी ताडून पाहिली, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना साफ करून नवं ग्रीस लावलं. मग म्हणाले, "साहेब, पॅड मी टाकले, पण सेट तुम्हाला करायचेत. घाटात लगेच नेऊ नका."

नवा पॅड आणि जुनी डिस्क यांचे पृष्ठभाग सुरुवातीला पूर्ण टेकत नाहीत. बेताचे ब्रेक लावत गेलं की उष्णतेनं पॅडच्या मटेरियलचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो आणि पुढे पकड त्या थरावर मिळते. पॅड तापलेले असताना गाडी पेडल दाबून उभी ठेवली, तर मटेरियल एकाच जागी चिकटतं. मग चाकाच्या प्रत्येक फेरीला तो डाग पॅडखाली येतो आणि थरथर जाणवते. बऱ्याचदा 'वाकलेली' डिस्क मुळात वाकलेली नसतेच.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप केलं. पॅड बसवताना कॅलिपरमधले पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल खोल जातं. हे विसरलात तर गॅरेजच्या दारातच अपघात. रविवारी पहाटे हिंजवडी फेज थ्रीच्या मोकळ्या रस्त्यांवर गेलो. आरशात मागे कोणी नाही हे बघून पन्नासवरून पंधरापर्यंत मध्यम दाबानं वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग जवळपास किलोमीटरभर ब्रेक न लावता चालवायचं. असं दहा वेळा. शेवटी थोडा वास आला, पकड वाढल्याचं पायाला कळलं. नंतर पंधरा मिनिटं नुसती गाडी फिरवून ब्रेक गार केले. पुढचे तीनशे किलोमीटर अंतर राखून चालवलं आणि सासवडला बसने गेलो. घरी थोडी कुरबुर झाली, ती झाली.

पहिला आठवडा हलकी घासल्यासारखी घरघर होती, ती आपोआप गेली. त्यानंतर नऊ हजार किलोमीटर झाले, दिवे घाट महिन्यातून दोनदा, आणि थरथर अजिबात नाही. घाट आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, म्हणजे वेग इंजिन रोखतं आणि ब्रेक कमी तापतात. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ट्रकचे ब्रेक तापून काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. छोट्या गाडीलाही नियम तोच. उतारावरचा हा नियम नवे पॅडच नव्हे, जुने असले तरी लागू आहे.

पावसाळ्यात रात्रभर गाडी उघड्यावर राहिली की सकाळी पहिले एक-दोन ब्रेक खरखरतात. डिस्कवर आलेला तांबूस गंज असतो तो, गल्लीच्या टोकापर्यंत पुसला जातो. त्यासाठी पॅड खोलायची गरज नाही.

मागच्या आठवड्यात चाक काढून पाहिलं. नवीन असताना १० मिमी असलेलं मटेरियल ८ मिमीच्या आसपास आहे, आतला आणि बाहेरचा पॅड सारखाच झिजलाय, म्हणजे पिना मोकळ्या आहेत. ३ मिमी उरले की बदलणार. ब्रेक ऑइलला मात्र दोन वर्षं होत आली आहेत आणि ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते बदलायला गणपतीत सासवडला जाण्याआधी त्याच मिस्त्रींकडे गाडी लावतोय.