गिअरबॉक्स बदलल्याचे ८५ हजार घेतले, गाडीत होता माझाच जुना

आमच्याकडे २००८ ची ऑटोमॅटिक सिव्हिक आहे. वडिलांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना क्लच दाबवत नाही, त्यामुळे ही गाडी काढून टाकायचा विचार आम्ही कधी केला नाही. गेल्या वर्षी ती दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना अडखळायला लागली. इंजिनचा आवाज चढायचा, गाडी पळायची नाही, आणि मग एकदम झटका. डॅशबोर्डवरचा ‘डी’ लुकलुकू लागला. होंडाच्या गाड्यांत हा दिवा असा लुकलुकतो तेव्हा गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने बिघाड नोंदवलेला असतो.

कुर्ल्यातल्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि पाच मिनिटांत निकाल दिला. ‘‘साहेब, बॉक्स गेला. उघडून उपयोग नाही. जपानहून आलेल्या हाफकटमधला आहे आपल्याकडे, रिकंडिशन करून बसवतो.’’ हाफकट म्हणजे सुट्या भागांसाठी अर्धी कापून आणलेली जुनी गाडी. ८५ हजार, सहा महिन्यांची वॉरंटी. स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय आला विचारलं तर म्हणाला, पी०७३०. या कोडचा अर्थ इतकाच की गिअरचं प्रमाण जुळत नाही. तेल कमी असलं, सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) अडकला, सेन्सर चुकीचं वाचत असला किंवा बॉक्सच्या आतले क्लच घसरत असले तरी हाच कोड येऊ शकतो. त्यावरून थेट बॉक्स बदलायला सांगणं म्हणजे ताप आला म्हणून ऑपरेशनला घेणं.

गाडी परत आली तेव्हा गिअरबॉक्स चंदेरी रंगाने चकचकत होता. पण त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. सोसायटीच्या पार्किंगमधून मागे घेताना ‘आर’ टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नसे, आणि मग गाडी धाडकन मागे जायची. एकदा वॉचमनचा मुलगा मागे उभा होता. तो वेळेवर बाजूला झाला, पण वडिलांनी त्या दिवसापासून चावी हातात घेतली नाही. याबद्दल मला त्या गॅरेजवाल्याचा आजही संताप येतो.

तक्रार केली तर, ‘‘नवीन बॉक्स आहे, सेट व्हायला पाचशे किलोमीटर लागतात.’’ हे साफ खोटं आहे. बॉक्स किंवा बॅटरी बदलल्यावर कॉम्प्युटरला थोडं जुळवून घ्यावं लागतं हे खरं, पण रिव्हर्स लागायला इतका उशीर आणि असा धक्का हा त्याचा भाग नाही. पुढे म्हणाला, तुमचा ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) खराब आहे, आणखी २२ हजार लागतील. तिथे मी गाडी उचलली आणि भांडुपच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी आधी डिपस्टिक काढली. होंडाच्या या बॉक्समध्ये तेलाची पातळी इंजिन गरम करून, मग बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत पाहायची असते. बाकीच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहतात. आमच्या बॉक्समध्येही तसंच पाहिलेलं दिसत होतं. इंजिन चालू असताना पातळी कमी दिसते, मग वरून ओतत राहतात. जास्त झालेल्या तेलाला फेस येतो, प्रेशर नीट बनत नाही, आणि गिअर उशिरा लागतो. शिवाय तेलही होंडाचं या बॉक्ससाठीचं डीडब्ल्यू-१ नव्हतं, कुठलंतरी सुटं लाल तेल होतं.

मग त्यांनी अर्थिंगची वायर दाखवली. तिचं टोक थेट नव्या रंगावर आवळलेलं होतं, खालचं धातू घासलेलंच नव्हतं, आणि रंगातून करंट नीट जात नाही. ‘‘दादा, बाहेरून आलेला बॉक्स कोणी असा गाडीखालून रंगवत नाही,’’ ते म्हणाले. खरंच, वरची बाजू पाहिली तर तिथे ब्रश पोचलेलाच नव्हता.

२९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात हीच गाडी परळला हिंदमाताजवळ पाण्यात अडकली होती. विम्याच्या क्लेमसाठी सर्व्हेअरने बॅटरी आणि तिचा ट्रे काढून आतले सगळे फोटो घेतले होते, त्यांत गिअरबॉक्सवरचा नंबरही होता. ते ईमेल अजून होतं. मिस्त्रींनी ट्रे काढला, नंबरवरची धूळ पुसली, आणि आम्ही मोबाइलवरच्या फोटोशी एकेक अक्षर जुळवलं. तोच नंबर. बॉक्स गाडीतून खाली उतरलाच नव्हता.

मूळ बिघाड बारीक होता. ड्रेन प्लगच्या चुंबकाला फक्त राखाडी पेस्ट लागलेली होती, लोखंडाचे तुकडे नव्हते, म्हणजे आतलं काही तुटलेलं नव्हतं. गेज लावून क्लचचं प्रेशर मोजलं, ते बरोबर आलं. अडकत होता एक सोलेनॉइड. तो बदलला, अर्थिंग साफ केलं, आणि योग्य तेल तीनदा काढून भरलं, कारण एका वेळी सगळं तेल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागात) राहतं. एकूण खर्च १९ हजार. गाडी आता लोण्यासारखी गिअर बदलते.

पैसे यूपीआयने दिले होते आणि ‘बॉक्स चेंज’ असं व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलं होतं, त्यामुळे पुरावा आहे. मी वांद्रे पूर्वच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. आपण कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली तरी चालते. आयोगाची नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याने ‘निम्मे घ्या आणि मिटवा’ असा निरोप पाठवला. मी नाही म्हटलं.

ज्यांची गाडी आत्ता गॅरेजमध्ये आहे त्यांनी आजच जाऊन बॉक्सवरच्या नंबरचा फोटो काढा, नवीन म्हणून जो देणार आहेत त्याचाही काढा, आणि बिलावर दोन्ही नंबर लिहून घ्या. जुना बॉक्स गॅरेजवाल्याला भंगारात द्यायचा असला तरी पूर्ण पैसे देण्याआधी तो जमिनीवर ठेवलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा.